पाठमोरी माणसं

६ नोव्हेंबर

आज खाणीतला दगड उडून नम्रताच्या पायावर पडला.

लिहून ठेवते, कारण संध्याकाळपासून जो तो वेगळंच सांगायला लागलाय. सुरुंग लावायच्या आधी खाणवाल्यांनी भोंगा वाजवायचा असतो. आज वाजला नाही. काही जण म्हणतात वाजला. मी ओटीवरच बसले होते, मला ऐकू आला नाही. आधी पायाखालची जमीन हादरली, मग तो आवाज, आणि मग शेताकडून सोनाकाकीची किंकाळी.

सोनाकाकीच्या शेतात कापणी चालली होती. नम्रता तिची सून. भारा बांधायला वाकली होती. दगड नारळाएवढा. हाड बाहेर आलं होतं. साईराजनं बायकोला खांद्यावर टाकून बांधाबांधानं रस्त्यापर्यंत आणली आणि माझ्या भावानं, मिलिंदनं, आपल्या गाडीत घालून तिला पनवेलच्या हॉस्पिटलात नेली. चौक गावाच्या पुढे गेल्यावर मिलिंद गाडी चालवता चालवता रडायलाच लागला, असं साईराज सांगत होता. मऊ आहे तो पहिल्यापासून.

पाय वाचेल म्हणतात. पहिल्यासारखा होणार नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत सातवीला ‘माझा आवडता ऋतू’ काढायला दिला. सगळ्यांनी डोंगर काढले, तीन त्रिकोण आणि मधून सूर्य. बावीस वर्षं मी हेच डोंगर तपासतेय. आज एकदम वाटलं, आमच्या डोंगराला आता त्रिकोण म्हणता येणार नाही, एक कड गेलीये. आणि हे कुणी काढलेलं नाही. मीसुद्धा नाही.

मी काय काढते? विहारांसाठी बाबासाहेब आणि बुद्ध. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्या फ्लेक्सनं गिळल्या. लग्न केलं नाही, त्यामुळे लोक म्हणतात चित्रात रमते. खरं म्हणजे मी कशातच रमलेले नाही.

१७ नोव्हेंबर

समाजमंदिरात बैठक. बौद्धवाडी आणि वरची आळी एकत्र बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मुख्य मागणी खाण बंद, निदान सरकारी मोजणी होईपर्यंत तरी. अर्ज आधीही झालेत. अर्ज घेऊन फिरणारा भिवाजी म्हणाला, “अर्जाला उत्तर येत नाय, तर आता रस्त्यावर बसू.” सगळ्यांनी हात वर केले. मिलिंद दाराशी उभा होता. त्याचे दोन डंपर त्याच खाणीच्या खडी-क्रशरवर चालतात, त्यामुळे बिचाऱ्याला हात वर करता येईना आणि खाली ठेवता येईना. खिशात घातले त्यानं शेवटी.

२६ नोव्हेंबर

फाट्यावर रास्ता रोको झाला.

मी वही घेऊन हायवेवरच्या मोरीच्या कठड्यावर चढले होते. भराभर काढत सुटले. बायका पुढे बसलेल्या, मधोमध सोनाकाकी, डोक्यावर पदर, हातात नम्रताच्या पायाच्या एक्स-रेची पिशवी. बाया घोषणा देत होत्या, ती एकटी गप्प. मागे पुरुष. दोन्हीकडे गाड्यांची रांग, धाबेवाला गल्ल्यावर उभा राहून बघतोय. पोलिसांच्या गाडीमागे खडीनं भरलेले डंपर अडकलेले, त्यात मिलिंदचाही. तो स्वतःच स्टिअरिंगवर होता, ड्रायव्हर आला नाही म्हणे.

दुपारपर्यंत सगळं शांत. मग कुणीतरी म्हणालं डंपर सोडा, कुणीतरी म्हणालं नाही सोडणार, आणि काठ्या सुरू झाल्या. भिवाजीच्या पाठीत बसली. बायका उठेपर्यंत त्यांच्यावरही. मग एक दगड गेला आणि एका हवालदाराच्या कपाळातून रक्त आलं.

दगड कुणी मारला ते मी पाहिलं. उंचावर होते, सगळं दिसत होतं. साईराज.

गुन्हा ‘पन्नास ते साठ अनोळखी इसमांवर’ दाखल झालाय. गावात हसताहेत, आपण सगळे अनोळखी.

१ डिसेंबर

या सगळ्याचं मोठं चित्र करायचं ठरवलंय, आजपासून सुरुवात. पनवेलहून मांजरपाट आणला. रूपानं, मिलिंदच्या बायकोनं, मशीनवर पट्ट्या जोडून दिल्या. मग खळ, मग पांढऱ्या रंगाचा हात. कापड पडवीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आलंय.

डावीकडून सुरू करणार: अख्खा डोंगर. मग पहिला सुरुंग, मग शेत आणि नम्रता, मग बैठक, मग हायवे. वाचता न येणारा माणूसही चालत चालत वाचेल असं. माणसं खरी काढायची, ओळखू येतील अशी. नाहीतर उद्या म्हणतील असं काही झालंच नव्हतं.

आई म्हणाली, “देव काढ, फुलं काढ. ह्ये कशाला?” पण जेवायला ताट मात्र तिथेच आणून दिलं.

११ डिसेंबर

नम्रता घरी आली. भेटायला गेले. पाय उशीवर, आत सळई. मी तिला सांगितलं, तुला काढतेय. ती म्हणाली, “पडलेली नको काढू गं ताई. वाकलेली काढ, भारा बांधताना. दगड वर हवेत असू दे. बघणाऱ्याला कळेल की.”

मला हे सुचलंच नव्हतं. मी रक्त काढणार होते.

१५ डिसेंबर

आता रोज कुणी ना कुणी पडवीत येतं. भिवाजी स्वतःची पाठ बघून खूश, फक्त म्हणाला केस एवढे पांढरे नाहीत. बायका आपापल्या साड्यांचे रंग आधीच सांगून ठेवतात. आयुष्यात माझ्या चित्रापुढे एवढी माणसं थांबली नव्हती. खोटं कशाला लिहू, झोप येत नाही आनंदानं.

सोनाकाकी आली. पूर्ण कापड बघितलं, साईराजपाशी थांबली. अजून रंग नाही, नुसती रेघ, पण हात उचललेला आणि मुठीत दगड स्पष्ट आहे.

“बाय, त्याचा हात रिकामा काढ.”

“काकी, जे झालं ते मी काढतेय.”

“झालं त्ये मला ठावं हाय. पर हात रिकामा काढ.”

मी नाही म्हटलं. तिला समजावलं की चित्रात एक खोटं शिरलं की सगळंच खोटं होतं. ती चप्पल घालून गेली. वाईट वाटलं, पण मी बरोबर आहे.

१९ डिसेंबर

आज मिलिंद कामावरून आला तो सरळ पडवीत. हातात रंगांचे डबे, चांगल्या कंपनीचे! “ताई, तुझा पिवळा संपला होता ना?” मी बघतच राहिले. लहानपणापासून यानं माझ्या एका चित्राकडे वळून पाहिलेलं नाही.

मग कितीतरी वेळ उभा. ही कोण, तो कोण, भिवाजीमागचा तो गजाच ना? मी एकेक दाखवत गेले. साईराजपाशी येऊन म्हणाला, “ह्यो तर बोलेल आता. काय हुबेहूब काढलायस गं.” फोनवर फोटो काढले, जवळून, लांबून. म्हटलं, पुरा तरी होऊ दे, बायका अजून नुसत्या रेघांच्या आहेत. म्हणाला, असू दे, आमच्याकडच्या लोकांना दाखवतो माझी बहीण काय करते ते.

जेवताना मात्र गप्प होता. दमतो फार. क्रशरचा मॅनेजर त्याला रोज बोलावून घेतो म्हणे, गाववाला म्हणून.

२७ डिसेंबर

रूपाचं काहीतरी बिनसलंय. मिलिंदला वाढते आणि स्वतः चुलीपाशी जाऊन बसते. माहेरचं काही असेल. विचारलं तर म्हणाली, “काय नाय ताई. तुमी रंगवा.”

२ जानेवारी

झालं! कर्जतचा किरण, तो मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवतो, येऊन शूटिंग करून गेला. मी बजावलं होतं की चेहरे जवळून नकोत. त्यानंही ऐकलं, लांबूनच घेतलं. संध्याकाळी बातमी लागली. ‘खालापूरच्या चित्रकार बाईंनी रंगवला गावाचा लढा’. आईनं तीनदा लावायला सांगितली.

५ जानेवारी

सकाळी पोलिसांची गाडी आली. साईराज, गजा आणि वरच्या आळीतले दोघे, चौघांना घेऊन गेले. अनोळखी इसम आता ओळखीचे झालेत. नम्रता कुबड्यांवर अंगणापर्यंत आली, तिथेच तोल गेला.

गजा कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो तिथे होता हे पोलिसांना कळलं कसं?

६ जानेवारी

मला ठाण्यात बोलावलं. साहेब सभ्य होते, चहा मागवला. टेबलावर माझं चित्र. म्हणजे फोटो, मोठा करून छापलेला. साईराजभोवती लाल गोल. गजाभोवती गोल.

“फार छान काढता मॅडम,” ते म्हणाले. “आमचं काम सोपं केलंत.”

ही माणसं खरीच आहेत का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, चित्र आहे, कल्पना आहे. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ते हसले, जा म्हणाले, लागलं तर बोलावू.

घरी चालत आले, रिक्षा सुचलीच नाही.

फोटोत पुढच्या बायकांना रंग नव्हता, नुसत्या रेघा होत्या. म्हणजे किरण आधीही कधीतरी येऊन गेला असणार, मी शाळेत असताना. आईला दिसत नाही नीट, कुणीही येऊन जाईल.

८ जानेवारी

चौकला किरण गॅरेजपाशी दिसला. मी भर रस्त्यात त्याला वाट्टेल ते बोलले. गाव विकलंस, लाज नाही वाटत. तो आधी समजावत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, माझा मामा त्या चौघांत आहे.”

गजा. गजा त्याच्या आईचा चुलत भाऊ. मला माहीत नव्हतं. तरी मी म्हटलं, मग तर आणखीच वाईट.

९ जानेवारी

शाळेत गेले नाही. पांढऱ्या रंगात हात बुडवला आणि सगळे चेहरे पुसले. आधी साईराज, मग गजा, मग सगळेच. आई बघत होती, तिनं अडवलं नाही. आता हायवेवर धडं बसलीत नुसती, वर पांढरे गोळे.

पाच आठवडे मी या चेहऱ्यांचा अभिमान बाळगला. कुणाला विचारलं नाही, तुला इथे राहायचंय का म्हणून.

११ जानेवारी

सोनाकाकी आली. मला वाटलं बरं वाटेल तिला. ती कापडापुढे उभी राहिली आणि स्वतःच्या पांढऱ्या तोंडाला हात लावला. रंग ओला नव्हता.

“मला का पुसलंस?”

“काकी, पोलीस...”

“माज्या पोराच्या हातातला दगड पुसाया सांगतलं तवा नाय पुसलंस. मला कुनी सांगतलं होतं? साठ वर्सं ह्या गावात हाय, कंदी कुनाच्या फुडं बसले नाय. त्या दिवशी बसले. पयल्यांदा बसले. आन तू मला पुसलंस.”

ती गेल्यावर मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. रूपा आली, शेजारी बसली. पदराची गाठ सोडत, बांधत होती.

“ताई, किरणला शिव्या देऊ नका.”

“का?”

“फोटो घरातल्या फोनातनं गेलाय.”

एवढंच बोलली. मी लगेच समजले, आणि मग हेही की हे तर मला केव्हाच समजायला हवं होतं. रंगाचे डबे अजून तिथेच होते. पिवळा निम्मा संपलेला.

१३ जानेवारी

मिलिंदला विचारलं. नाही म्हणाला नाही.

“मॅनेजर रोज विचारायचा, कोन कोन व्हते. नाय सांगितलंस तर गाड्या काढ म्हनायचा. मी नाव नाय घेतलं गं कुनाचं, आईशपथ. म्हटलं चित्र दाखवतो, चित्राला काय होतंय. त्यानं पुढं दिलं.”

“साईराजला तू गाडीत घालून नेलं होतंस, नम्रताला घेऊन. रडला होतास तू.”

“व्हय.” मग खाली बघत, “त्याच्या हातात दगड मी नव्हता दिला ताई. तू दिलास. मी फोटो काढला.”

मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढ्या मोठ्या माणसाच्या. आई आतून ओरडली. तो तसाच उभा राहिला.

त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून मारली.

१६ जानेवारी

किरणची माफी मागितली. त्यानं चहा पाजला आणि वकीलबाईंचा नंबर दिला. खोपोलीच्या आहेत. त्या म्हणाल्या, चित्र काही पुरावा होत नाही, पण माणूस शोधायला उपयोगी पडतं. पुढे काढणार असाल तर प्रत्येकाला विचारून काढा.

विचारून. बावीस वर्षं शिकवतेय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

२३ जानेवारी

चौघांना जामीन मिळाला. खालापूरहून आले तेव्हा फाट्यावर सगळं गाव होतं. साईराज वाळलाय. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, कशी ते कळलं नाही. मिलिंद आला नव्हता.

त्याचे डंपर अंगणात उभे आहेत. त्यानंच काढून आणले. मॅनेजरनं काढले म्हणून नव्हे, असं रूपानं सांगितलं, आणि आज ती त्याच्याबरोबर जेवली.

२ फेब्रुवारी

काल समाजमंदिरात मी उभी राहून बोलले. सवय नाही. म्हटलं, चित्र पुरं करायचंय, पण ज्याचा चेहरा त्याची मर्जी. ज्यांना नको त्यांना मी काढणार नाही.

आजपासून येताहेत. भिवाजी म्हणाला, काठी पाठीत बसली तर पाठच दाखव, पण कान माझे काढ, मोठे आहेत. गजा म्हणाला, “मला पाठमोरा कर. माजं पेन्शनचं काम हाय.” केला. वरच्या आळीतल्या एका पोरीला नोकरी लागतेय, तीही पाठमोरी. आणखी बरेच. मला वाटलं होतं चित्र विझेल. उलट झालं. आता बघणारा त्यांच्या मागे उभा राहतो, त्यांच्यातलाच एक होऊन, आणि समोर पोलीस.

सोनाकाकी समोरूनच. तिनं ओटीवर बसून चेहरा दिला, हलली नाही. एक्स-रेची पिशवी मात्र काढून टाक म्हणाली. हात मांडीवर.

९ फेब्रुवारी

साईराज आणि नम्रता आले. ती कुबडी एकच वापरते आता. साईराज म्हणाला, “ताई, तुमाला वाटंल तसं करा.” नम्रतानं त्याला गप्प केलं.

“त्याच्या हातात दगड व्हता, खरं हाय. पन किती येळ व्हता गं? सकाळपासनं त्यानं पान्याचा कॅन धरला व्हता. समद्यांना पानी दिलं. बंदोबस्ताच्या पोलीसबाईला पन दिलं, उन्हात उभी व्हती म्हनून. आमच्या आईंनी बघितलंय. त्ये पन खरंच ना?”

मी कठड्यावर होते तेव्हा. सगळं दिसत होतं असं मी लिहिलंय वर. पाणी दिसलं नव्हतं.

हातातला दगड पुसला, कॅन दिला. पोलीसबाई काढली, ग्लास तोंडाला लावलेली. तिचा चेहरा मला माहीत नाही, म्हणून तीही पाठमोरी. आणि साईराजचा चेहरा मी पुन्हा काढला, त्याला विचारून, समोरून.

१५ फेब्रुवारी

खाणीवर मोजणीपुरती स्थगिती आली. फटाके लावले पोरांनी. भिवाजी म्हणतो, फार नाचू नका, स्थगिती उठते. पण दुपारी सुरुंग उडाला नाही. आई दोनदा दारात येऊन ऐकून गेली.

१८ फेब्रुवारी

मिलिंद काल साईराजच्या घरी गेला होता. एकटा. सोनाकाकीनं दार लावून घेतलं. हा अंगणातच उभा राहिला, ऊन चढलं तरी. शेवटी साईराज बाहेर आला. दोघं पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसले. काय बोलले ते दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला पेंढा लागलेला होता आणि डोळे सुजलेले.

२२ फेब्रुवारी

उद्या कापड समाजमंदिरात लावायचंय. एक जागा राहिली होती, पोलिसांच्या गाडीमागची. डंपर होता, काच होती, काचेत कुणी नव्हतं. मी मुद्दामच सोडली होती. रिकामा डंपर कुणाला खटकणार नव्हता.

सकाळी मिलिंद पडवीत आला. बऱ्याच दिवसांनी. कापडापुढून चालत गेला, पहिल्या डोंगरापासून, आणि डंपरपाशी थांबला.

“इथं मी व्हतो.”

“माहीत आहे.”

“मग काढ.”

म्हटलं, पाठमोरं काढता येणार नाही, डंपरची काच समोर आहे. लोक ओळखतील. उद्या सगळं गाव येणार आहे, विचारतील तू त्या बाजूला काय करत होतास. विहारात, लग्नात, कायम विचारतील. नाही काढलं तरी चालेल, मी कुणाला काही बोलणार नाही.

“सगळ्यांना इचारलंस ना, कसं काढू म्हनून? मला पन इचार.”

विचारलं.

“व्हतो तिथं काढ,” तो म्हणाला.

खुर्चीवर बसवला. हातांचं काय करावं त्याला कळेना, मांडीवर ठेवले, खिशात घालायला लागला. रूपानं आतून परात आणून दिली, ती स्टिअरिंगसारखी धर म्हणाली. आईला हसू आलं, मग तिनं पदर तोंडाला लावला. मिलिंदनं परात धरली, दोन्ही हातांनी, घट्ट. मी खांदे काढले, मान काढली. चेहऱ्यावर आले तर तो परातीत बघत होता.

“मिलिंद, वर बघ.”

त्याला वेळ लागला. मी ब्रश धरून थांबले, घाई केली नाही. मग त्यानं वर बघितलं, आणि मी डोळ्यांपासून सुरुवात केली.